डॉ. गर्टी कोरी

धांवण्याची शर्यत संपली म्हणजे मुलांचे पाय भरून येतात. थोडा विसांवा मिळाला कीं तेच पाय पुनः धांवावयास सिद्ध होतात. हें बळ शरीरांत कोठून येतें व खर्च झाल्यावर कसें भरून निघतें, या प्रश्नाचा उलगडा करण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या डॉ. गर्टी कोरी यांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

गर्टीबाईंचा जन्म ता. १५ ऑगस्ट १८९६ रोजीं प्राग शहरीं झाला. त्यांचे वडील रसायनशास्त्रज्ञ असून साखरेच्या कारखान्यांचे व्यवस्थापक होते. कन्येनेंही पुढें साखरेचाच अभ्यास केला, परंतु तो शरीरांतील साखरेचा! बालरोगांचे प्राध्यापक असलेल्या एका आप्तांनीं त्यांस वैद्यक शिकण्यास उत्तेजन दिलें. परंतु मुलींच्या शाळेंत लॅटिन, गणित व शास्त्रें पुरेशीं शिकवीत नसत, आणि त्यांवांचून विद्यापीठाचें द्वार उघडत नसे. गर्टीबाईंनीं अनेक वर्षांचा हा अभ्यास सुमारें एका वर्षांत पुरा केला व प्रवेश मिळविला. १९२० सालीं त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली आणि त्याच वर्षीं सहाध्यायी कार्ल कोरी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत अन्नाचाही तुटवडा होता. १९२२ सालीं हें दांपत्य अमेरिकेंतील बफेलो शहरीं गेलें. पतिपत्नींनीं एकत्र संशोधन करणें तेथील वरिष्ठांस रुचलें नाहीं. तथापि दोघांनीं तें सोडलें नाहीं. १९२९ सालीं त्यांनीं आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. आपल्या अन्नांतून आलेली साखर स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन या रूपानें सांठविली जाते. जोराचें काम पडलें कीं स्नायूंतील ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल होतें. रक्त तें यकृताकडे नेतें. यकृत त्याची पुनः साखर बनवितें, आणि ती साखर रक्तावाटे स्नायूंकडे परत येते. रहाटगाडग्याप्रमाणें चालणाऱ्या या फेऱ्यास आजही कोरी-चक्र असें म्हणतात.

१९३१ सालीं दोघें सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत आलीं. कार्ल यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. गर्टीबाईंस मात्र अल्प वेतनावर साहाय्यक संशोधकाची! काम एक, बुद्धि तोलामोलाची, पण मान निराळा. हा अन्याय सोळा वर्षें चालला. या वर्षांतच त्यांच्या हातून मोठीं कार्यें घडलीं. ग्लायकोजेन फुटतांना प्रथम कोणता पदार्थ निर्माण होतो, हें १९३६ सालीं उभयतांनीं शोधिलें. हें कार्य ज्या एन्झाइममुळें घडतें तेंही त्यांस सांपडलें, आणि १९३९ सालीं त्यांनीं शरीराबाहेर, परीक्षानळींत ग्लायकोजेन तयार करून दाखविलें.

१९४७ सालीं गर्टीबाई प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षीं कार्ल व अर्जेंटिनाचे डॉ. हौसे यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. वैद्यकशास्त्राचें हें पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. परंतु सुख निर्भेळ नव्हतें. हाडांतील मगज रक्त उत्पन्न करीनासा होतो असा असाध्य रोग त्यांस झाल्याचें त्याच वर्षीं कळून आलें.

यापुढील दहा वर्षें आम्हांस नोबेल पारितोषिकाहून थोर वाटतात. दुसऱ्याचें रक्त घेऊन जगावें, थकवा आला कीं थोडें पडावें, आणि पुनः प्रयोगास लागावें, असा त्यांचा क्रम होता. कांहीं बालकांच्या यकृतांत ग्लायकोजेन सांचून राहतें व तीं रोगी होतात. अशा एका रोगांत एकच विशिष्ट एन्झाइम उणें असतें, हें १९५२ सालीं त्यांनीं सिद्ध केलें. जन्मजात रोगाचें मूळ एका एन्झाइमच्या उणिवेंत असतें, असें यकृताविषयीं प्रथमच दिसून आलें. स्वतःच्या रोगास औषध नसतां त्या परक्या मुलांच्या रोगाचें कारण शोधीत होत्या! ता. २६ ऑक्टोबर १९५७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

गर्टीबाईंस मान मिळाला तो उशिरा. तोंवर त्यांनीं कामास खळ पडूं दिला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानीं धरावें. पालकांस मात्र आमची निराळी विनंती आहे. जी मुलगी एका वर्षांत अनेक वर्षांचा अभ्यास करूं शकली, तिला तो आधीं कोणी शिकविला नव्हता. आपल्या मुलींवर तशी पाळी येऊं देऊं नये.