पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, चौघं परत आले, सोलापूरचे डॉ. कोटणीस मात्र तिथंच राहिले

डिसेंबर १९३७. जपानी सैन्य चीनची तेव्हाची राजधानी नानजिंगमध्ये घुसलं आणि पुढचे काही आठवडे शहरात नुसती कत्तल सुरू होती. शरण आलेले सैनिक, म्हातारी माणसं, बायका, लेकरं, कुणालाच सोडलं नाही. चीनच्या अधिकृत आकड्यानुसार या हत्याकांडात ३ लाख लोक मारले गेले.

या घटनेला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मुंबईच्या बंदरातून एक बोट चीनकडं निघाली. त्या बोटीवर सोलापूरचा २७ वर्षांचा एक डॉक्टर होता. नाव, द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

तर झालं असं की, चीनकडं जखमी ढिगानं होते आणि डॉक्टर मोजकेच. चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशभर आवाहन केलं आणि लोकांच्या वर्गणीतून २२ हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, देण्यासारखं फार काही नव्हतं, तरी पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टरकी केली होती. पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू होती. ती बाजूला ठेवून १ सप्टेंबर १९३८ ला त्यांनी बोट पकडली.

चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ.

पहिली परीक्षा लगेच आली. पथक येनआनकडं निघायच्या बेतात असताना वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायला याहून मोठं कारण असू शकत नव्हतं. पण कोटणीस पुढं निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनआनला पोहोचलं.

पुढं एकेक करत सहकारी मायदेशी परतायला लागले. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, ठरलेलं काम त्यांनी केलं होतं. कोटणीसांनी मात्र थेट आघाडीची वाट धरली आणि ते उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आठव्या रूट आर्मीच्या तळावर गेले.

आता हा भाग म्हणजे काय होता, ते समजून घ्यायला पाहिजे. १९४० नंतर जपानी सैन्यानं इथं जी मोहीम चालवली, तिला चिनी लोक आजही तीन शब्दांत ओळखतात. सगळ्यांना मारा, सगळं जाळा, सगळं लुटा. गावंच्या गावं बेचिराख होत होती. नाकेबंदीमुळं औषधं मिळत नव्हती. दवाखाने शेतकऱ्यांच्या घरांत चालायचे आणि हल्ला आला की सगळा पसारा गुंडाळून दुसरीकडं हलवायचा. युद्ध संपल्यावर उभारणी करू, असं म्हणायची सोयच नव्हती. जे उभं करायचं ते आगीतच करायचं होतं.

याच भागात कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ मध्ये गेले होते. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली.

त्यांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या, हे तर खरंच. पण त्यांचं खरं काम त्याच्या पलीकडं होतं. ते चिनी भाषा शिकले, बोलायलाच नाही तर त्या भाषेत वर्ग घेण्याइतकी. स्थानिक पोरापोरींना त्यांनी वैद्यकीय शिक्षण दिलं, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि दुसरं लिहायला घेतलं. बाहेरून आलेला डॉक्टर कधीतरी जाणार, पण शिकवलेले डॉक्टर गावातच राहणार, असा हा साधा हिशोब होता.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. त्या नर्सिंग शिकवायच्या. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण कोटणीसांचं शरीर थकलं होतं. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येत होते. उपचारासाठी बाहेर जा, असा आग्रह झाला, पण त्यांनी तळ सोडला नाही. ९ डिसेंबर १९४२ ला त्यांचं निधन झालं. वय फक्त ३२ आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा.

पुढं १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला आणि त्यांची गोष्ट घराघरांत पोहोचली. सिनेमात न आलेला भाग जास्त चटका लावतो. यिनहुआही डॉक्टर होण्यासाठी शिकत होता, पण १९६७ मध्ये, ऐन पंचविशीत तो गेला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत होत्या. त्या भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटत राहिल्या.

मधल्या काळात १९६२ चं युद्ध झालं, सीमेवर पुन्हा पुन्हा तणाव झाला. दोन्ही देशांची सरकारं गरजेप्रमाणं कोटणीसांचं नाव घेतात आणि गरज संपली की विसरतात, हेही खरं.

तरी चीनमधल्या शिजियाजुआंग शहरात त्यांची समाधी आहे आणि त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळाही आहे. सोलापुरात त्यांच्या घरात स्मारक आहे. दोन सरकारांचं जमो न जमो, एका सोलापूरकराचं नाव घेऊन तिकडची पोरं आजही रुग्णसेवा शिकतायत.