चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा डाग

आमच्या संग्रामपूरकडे लहानशा तपकिरी पाखराला एकच नाव, चिमणी! धुऱ्यावरची चिमणी, विहिरीजवळच्या बाभळीवरचीही चिमणीच. मोर कोणीही ओळखील. माझ्यासारख्या नवशिक्याला छळतात ती हीच पाखरे. म्हणून डॉ. सालिम अलींच्या चरित्रातली चिमणी मला फार जवळची वाटते.

१८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा बालपणीच पोरका झाला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. दुसऱ्या मुलाने ती फेकून दिली असती. याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला पाखराचे नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातले कितीतरी पक्षी काढून दाखवले. ती होती पीतकंठी रानचिमणी. नराच्या गळ्यावर पिवळा डाग, खांद्यावर तांबूस पट्टा, पंखावर पांढऱ्या रेघा. घरचिमणीच्या पाठीवर असतात तशा काळ्या रेषा मात्र हिच्या पाठीवर नसतात.

पुढची वाट सोपी नव्हती. पदवी नसल्यामुळे प्राणी सर्वेक्षण खात्यातली जागा हुकली. बर्लिनला श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरीही गेलेली! पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याकडे पाहत बसले. बेकारीचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

सुगरणीचा नर विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो. एरवी नर-मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे तपकिरी, फक्त चोच जाड नि शेपूट आखूड. सालिम अलींना दिसले ते असे : खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते. मग तो खोपा पुरा करून नर दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आपण मात्र सगळे श्रेय ‘सुगरण’ या स्त्रीलिंगी नावाला देऊन मोकळे!

१९३९ साली तेहमिना गेल्या. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, ते नवशिक्यांसाठीच. त्यात पक्ष्याचा आकार ओळखीच्या पाखरांशी ताडून सांगितला आहे : बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा. आणि त्यांतले सर्वांत लहान माप आहे चिमणीचे.