बालकांच्या हातांना विद्या देणारी मारिया माँटेसरी

बालवाडीला आजही अनेक घरांत ‘माँटेसरी’ म्हटले जाते. हे एका स्त्रीचे आडनाव आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्या धर्मग्रामात शिक्षक-शिक्षिका बरेच आहेत आणि रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारेही आहेत. म्हणून डॉ. मारिया माँटेसरी यांच्या जीवनाची ओळख आपण करून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोनाजवळच्या क्याराव्हाले या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. मुलीने डॉक्टर व्हावे हे सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांना पसंत नव्हते. आई मात्र पाठीशी उभी राहिली. १८९६ साली मारिया रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांत त्यांची गणना होते.

रोमच्या मनोरुग्णालयांत बौद्धिकदृष्ट्या मागे असलेली मुले वेड्यांबरोबरच कोंडून ठेवलेली त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासून त्यांनी हाताळायची साधने तयार केली. त्यांतील काही मुले साध्या शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. सर्वांनी कौतुक केले. मारियांना मात्र प्रश्न पडला, की मग आपल्या शाळांतील धडधाकट मुले इतकी मागे का राहतात?

उत्तर शोधण्याची संधी ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी मिळाली. रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत आईवडील कामावर गेले की मुले चाळीच्या जिन्यांत आणि भिंतींवर धुडगूस घालीत. अशा पन्नासेक मुलांसाठी एका खोलीत ‘बालकांचे घर’ सुरू झाले. एकदा बाईंना यायला उशीर झाला, तेव्हा मुलांनी कपाटातून आपापली साधने स्वतःच घेतली आणि काम सुरू केले. कुणी याला चोरी म्हटले असते. मारियांनी मात्र मुलांचा हात पोहोचेल अशी बुटकी, उघडी कपाटे करून घेतली.

ही साधने साधीच आहेत. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि प्रत्येकीत बसणारी एकेक दट्टी. एक चुकली तर शेवटची बसत नाही. बाईंना लाल शाई वापरावी लागत नाही, मूल स्वतःच चूक शोधते. पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरे मूल बोटाने गिरवते, म्हणून पेन्सिल हाती येण्यापूर्वीच वळण हातात बसते. एक मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची काडी म्हणजे दशक, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन. एका तळहातावर एक आणि दुसऱ्यावर हजार घेतले, की दोहोंमधला फरक पाठ करावा लागत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारानुसार आपले ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते. सेमिनरीत आम्ही हे पुस्तकातून शिकलो. ही मुले ते मण्यांतून शिकत होती.

या जीवनाला एक दुःखाची बाजूही आहे. १८९८ साली विवाहाविना त्यांना मुलगा झाला. उघडकीस आले असते तर त्या काळी त्यांचे सारे काम बंद पडले असते. मारियो खेड्यात दुसऱ्यांच्या घरी वाढला. आई अधूनमधून भेटत असे. जगाच्या मुलांना जवळ करणाऱ्या आईला स्वतःचे मूल सुमारे पंधरा वर्षे दूर ठेवावे लागले. याचा निवाडा आम्ही करीत नाही. पुढे मारियो आईकडे आला आणि अखेरपर्यंत तिच्या कार्यात सोबत राहिला.

मुसोलिनीच्या सरकारने आधी त्यांच्या शाळांना आश्रय दिला, पण १९३४ साली संबंध तुटले आणि शाळा बंद झाल्या. १९३९ साली मायलेक मद्रासला आले. इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारियोला अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याची सुटका झाली. युद्ध संपेपर्यंत भारतात राहून त्यांनी शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले; तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

माँटेसरी साधने महाग, ती आपल्याला कशी परवडणार, असे पुष्कळ शिक्षक म्हणतात. याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली.

धर्मशिक्षणातही हे शक्य आहे. बार्सिलोनाच्या माँटेसरी शाळेत मुलांच्या उंचीचे छोटे प्रार्थनामंदिर होते. मुले स्वतः गहू पेरीत आणि द्राक्षवेल लावीत. मिस्सातील भाकर आणि द्राक्षारस कुठून येतो हे ती मातीत हात घालून शिकत. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे भाताची पेरणी होईल. धर्मशिक्षकांनी मुलांना एकदा शेतावर न्यावे आणि मूठभर दाणे त्यांच्या हाती द्यावेत, अशी आमची विनंती आहे.