कविरायाचे शेवटचे कडवे

यंदाच्या स्नेहसंमेलनात, विविध गुणदर्शनाच्या कार्यक्रमात, मी ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी म्हटली. साथीला ढोलकी होती, कीबोर्ड होता आणि कोरसला आमच्याच वर्गातले चार मित्र होते. प्रत्येकाला मोजून चार मिनिटे दिलेली; म्हणून पहिली दोन कडवी घेऊन मी थांबलो. टाळ्या पडल्या, ‘वन्स मोअर’ही मिळाला. सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने हे गाणे दूरचित्रवाणीवरच्या मालिकेचे म्हणून जाहीर केले होते. २०२० मध्ये याच नावाची मालिका सुरू झाली होती, तेव्हा तिचेही फारसे चुकले नाही. खरे सांगायचे तर मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या आधी प्रथम वर्षाच्या मुलींनी ‘आप जैसा कोई’ या गाण्यावर नृत्य केले. ते २०२२ च्या एका चित्रपटातल्या नव्या आवृत्तीवर होते. मूळ गाणे १९८० च्या ‘कुर्बानी’तले. बिद्दू यांचे संगीत आणि कराचीच्या, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा आवाज. त्या गाण्याने डिस्को घराघरांत नेला. मागच्या बाकांवर लगेच वाद जुंपला. जुने चांगले की नवे? जुन्याची अशी मोडतोड करावी का? मी जुन्याच्या बाजूने तावातावाने बोललो. मूळ कलावंताचे नावसुद्धा कोणी घेत नाही, असेही वर ऐकवले. आणि दहाच मिनिटांनी रंगमंचावर जाऊन मी स्वतः काय केले, ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

रात्री घरी आलो तर आजोबा जागे होते. त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेले. पण गाण्याचा कान शाबूत आहे. मोबाइलवरचे चित्रण त्यांना दाखवले. त्यांनी ते दोनदा ऐकले आणि हे तर जयराम शिलेदारांचे गाणे, मालिकेचे कुठले, असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांना मोठ्या ऐटीत हे सांगितले. सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, की शेवटचे कडवे का सोडलेस? कवीचे नाव तर तिथेच असते. तो कवी याच सोलापुरात जन्मला, हेही त्यांनीच सांगितले. मान खाली घालून मी ग्रंथालयाची वाट धरली. पुढचे सारे त्या शरमेतून लिहिले आहे.

राम जगन्नाथ जोशी हा अठराव्या शतकातला, १७६० च्या आसपास जन्मलेला सोलापूरकर. घराणे ब्राह्मणाचे, भिक्षुकी आणि पुराणिकी करणारे. थोरला भाऊ मुद्गल जोशी गावातला नावाजलेला पुराणिक. घरात संस्कृत, दारात सोवळे. धाकट्याने थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकावे, पोथी सोडावी, चार लोकांत मान मिळवावा, एवढीच घराची अपेक्षा. पण रामाचे पाऊल वळले ते तमाशाच्या फडाकडे. धोंडी नावाच्या शाहिराचा फड तेव्हा गाजत होता. डफ कडाडला, तुणतुणे वाजू लागले, की या मुलाचे पोथीवरून लक्ष उडे. तो फडावर जाऊन बसू लागला आणि पुढे धोंडीला लावण्या रचून देऊ लागला.

आज ही गोष्ट आपल्याला गमतीची वाटेल. ऑर्केस्ट्रात वाजवतो म्हणून वडील रागावलेले मित्र आपल्या वर्गातही आहेत; पण त्या रागाची धाव जेवणाच्या ताटापर्यंतच. पेशवाईत पुराणिकाच्या घरातल्या मुलाने फडावर उभे राहणे म्हणजे साऱ्या घराण्याची पत जाणे. मुद्गल जोशींनी भावाला घराबाहेर काढले. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. उत्तर फारसे भूषणावह आले नाही.

घर सुटलेला राम पंढरपुरास गेला. चंद्रभागेच्या काठी त्या काळी विद्वानांची वाण नव्हती. तेथे त्याने नेटाने संस्कृताचा अभ्यास केला. काव्य, अलंकार, पुराणे पचवली. जे घरी बसून शिकायचे ते घराबाहेर काढल्यावर शिकला! पुढे परत आल्यावर तो पुराण सांगू लागला तेव्हा लोक थक्क झाले, असे चरित्रकार सांगतात. ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्यही त्याच्या नावावर आहे. भाऊ मुद्गल यांना जे हवे होते ते सारे त्याला येत होते. तरीही त्याने लावणी सोडली नाही.

आणि इथेच राम जोशीचे वेगळेपण आहे. अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हे सारे उत्तर पेशवाईतले मोठे शाहीर. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. राम जोशीने पंडिताची भाषा फडावर आणली. लांबलचक समास, अनुप्रासांची झड, ओळीच्या पोटात दडवलेली यमके, पुराणांतल्या कथा हे सगळे डफाच्या ठेक्यावर असे बसवले, की न शिकलेल्या श्रोत्याला नादाने पकडावे आणि शिकलेल्याला अर्थाने. संस्कृत आणि मराठी एकमेकींत गुंफलेल्या लावण्या त्याने रचल्या. कानडीही त्याला परकी नव्हती. ज्या शहरात आजही एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडते, त्या सोलापूरच्या कवीला हे न जमले तरच नवल. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही त्याच कसबाची लावणी. एका देखण्या स्त्रीचे नखशिखान्त वर्णन, एवढाच तिचा विषय. पण शब्द असे धावतात, की म्हणणाऱ्याचा श्वास पुरत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या कडव्याअखेर मी थांबलो त्याला चार मिनिटांची अट हे कारण होते खरे. पण दमही संपला होता.

त्याची कीर्ती पुण्यापर्यंत गेली. दुसऱ्या बाजीरावाचा काळ. लावणीला दरबारी आश्रय होता. सोलापूरच्या पुराणिकाचा घराबाहेर काढलेला भाऊ पेशव्यांच्या पुण्यात मानाने गाऊ लागला. बया नावाच्या कलावंतिणीची त्याला साथ होती, असे परंपरा सांगते.

आता त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना. बारामतीस मोरोपंत राहत. आर्या या वृत्तावर त्यांची अशी सत्ता, की मराठीत आर्या म्हटली की मोरोपंत आठवावेत. सांगतात ते असे. या पंडितकवीने राम जोशीची रचना ऐकली आणि त्याच्या बुद्धीचे कौतुक करून ती शक्ती कीर्तनाकडे वळवण्यास सुचवले. राम जोशीने डफ फोडून टाकला आणि हाती वीणा घेतली. डफ फुटला की नाही, याची शहानिशा करण्यात मला रस नाही. कीर्तनकार झालेल्या राम जोशीने पुढे काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याने मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात म्हणायला सुरुवात केली. मोरोपंतांची कविता कठीण. पोथीत ती विद्वानांपुरतीच राहती. फडावर हजारोंना खिळवून ठेवणाऱ्या गळ्यातून ती जेव्हा देवळाच्या सभामंडपात आली, तेव्हा ती साध्या माणसांच्या ओठी गेली. मोरोपंतांच्या काव्याच्या प्रसारात राम जोशीचा वाटा मोठा, हे वाङ्मयाचे इतिहासकार एकमुखाने मान्य करतात.

म्हणजे पहा, ज्याच्या लावणीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तो स्वतःच दुसऱ्याचे काव्य नव्याने गाणारा होता. चाल त्याची, गळा त्याचा, शब्द मोरोपंतांचे. बाकांवरच्या त्या वादात मी ज्याला मोडतोड म्हणत होतो, तेच राम जोशीने केले. फरक इतकाच, की तो कोणाच्या आर्या म्हणतो आहे हे श्रोत्यांना ठाऊक असे. मोरोपंत आपल्या काव्यात ‘मयूर’ ही मुद्रा घालत. राम जोशीची मुद्रा ‘कविराय’.

१८१२-१३ च्या सुमारास राम जोशी पुण्यात वारला. पाचसहा वर्षांतच, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली. लावणीचा आश्रय सुटला. इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांना ती नावडती झाली. तरी फडांतून, तोंडातोंडी, राम जोशीच्या रचना टिकून राहिल्या. पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरांचे काव्य जमवून छापले, तेव्हा त्या कागदावर आल्या. आपल्या देशात गाणे ध्वनिमुद्रित होऊ लागले ते १९०२ पासून. म्हणजे राम जोशीचा आवाज कोणी ऐकलेला नाही. त्याची चाल तबकडीवर नाही. उरले ते शब्द आणि शेवटच्या कडव्यातली सही.

मग १९४७ साल उजाडले. राजकमल कलामंदिराने ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शनात बाबुराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही गुरुशिष्यांची जोडी, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. राम जोशी झाले होते संगीत रंगभूमीवरचे गायक नट जयराम शिलेदार आणि बया झाल्या होत्या हंसा वाडकर. त्याचीच हिंदी आवृत्ती ‘मतवाला शायर राम जोशी’ या नावाने निघाली. मराठीत तमाशापटांची लाट आली ती या चित्रपटाच्या यशानंतर. यातच शिलेदारांच्या खड्या आवाजात ‘सुंदरा’ पुन्हा जन्माला आली. मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी राम जोशीचे गाणे खेडोपाडी वाजू लागले. माझ्या आजोबांनी ऐकले ते हेच. १९५१ मध्ये याच संस्थेने आणि याच संगीतकाराने ‘अमर भूपाळी’त होनाजीलाही असेच पुन्हा गाते केले.

मूळ लावणी खरी की चित्रपटातली? हा प्रश्न आता मला चुकीचा वाटतो. वसंत देसाई आणि शिलेदार नसते तर ही लावणी शाळिग्रामांच्या पानांत झोपून राहिली असती आणि मी ती स्नेहसंमेलनात म्हटलीच नसती. नवी आवृत्ती ही चोरी नव्हे. कित्येकदा तीच जुन्याला वाचवते. शिवाय त्या चित्रपटाचे नावच राम जोशी होते. तिथे गाणे नवे झाले, पण नाव पुसले गेले नाही. नाव पुसले जाते ते नंतर, हळूहळू. चित्रपटाचे गाणे नटाच्या नावाने ओळखले जाते, नटाचे गाणे मालिकेच्या नावाने, आणि मालिकेचे गाणे उद्या आणखी कशाच्या तरी नावाने. यात वाईट कोणीच नसतो. प्रत्येकाजवळ फक्त चार मिनिटे असतात.

जुन्या कवींना हे पक्के ठाऊक असावे. त्यांच्याजवळ ना छापखाना, ना तबकडी, ना कायदा. गाणारा आपले गाणे कुठे नेईल, कोणत्या चालीत म्हणेल, याचा नेम नाही. म्हणून त्यांनी आपले नाव गाण्यातच विणून ठेवले. आमच्या आजोबांच्या चादरीत काठाचा धागा असतो तसे. काठ कापला तरी चादर पांघरता येते. पण ती कोणत्या मागावरची, हे मग सांगता येत नाही. ज्याला घराने दाराबाहेर काढले, त्याने स्वतःसाठी राखलेली जागा म्हणजे ते शेवटचे कडवे. आणि त्याच्याच गावच्या मुलाने, त्याच्याच गावच्या रंगमंचावर, तेवढेच नेमके गाळले.

गेल्या रविवारी ग्रंथालयातून उतरवून आणलेली सारी लावणी मी आजोबांना म्हणून दाखवली. साथीला टेबलावर थाप, बाकी काही नाही. दोनदा दम लागला, एकदा शब्द अडखळले. शेवटच्या कडव्यात ‘कविराय’ आले तेव्हा आजोबांनी हात वर करून मला थांबवले आणि तेवढा शब्द पुन्हा म्हणायला लावला. इतकी वर्षे गाणे ऐकूनही हा कविराय म्हणजे आपल्याच गावचा माणूस, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नसते.

असो. आमच्या स्नेहसंमेलन समितीला एक नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्याच्या नावाखाली गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापावीत. डिस्कोचे गाणे असो, की लावणी. आणि शक्य झाल्यास चाराऐवजी पाच मिनिटे द्यावीत. शेवटचे कडवे म्हणायला एक मिनिट पुरते.

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)