डॉ. शांतिस्वरूप भटनागर

पावसाळ्यात तुम्ही चिखलदऱ्याला गेलात, तर देवी पॉइंटवरून दरी दिसेलच असे नाही. बहुतेक वेळा धुकेच दिसते. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अगदी बारीक थेंब. दूध, शाई, रंग यांतही असेच बारीक कण तरंगत असतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. आज तुम्ही नॅनोकणांचे नाव ऐकता. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! अशा कणांचा उपयोग औषधांत आणि कारखान्यांत होतो. हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी भटनागरांनी कलिलांचा अभ्यास केला.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. आजोळी ते वाढले. आजोबा इंजिनिअर होते, त्यामुळे यंत्रांची गोडी तिथेच लागली. तुम्हांला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. लाहोरला कॉलेजात असताना त्यांनी 'करामाती' नावाची एक एकांकिका उर्दूत लिहिली होती.

१९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी घेऊन ते परतले. तीन वर्षे बनारसला शिकवून १९२४ मध्ये ते पुन्हा लाहोरला आले.

तेथे एका तेल कंपनीने त्यांना आपली अडचण सांगितली. तेलासाठी जमिनीत खोल भोक पाडताना आत पातळ चिखल सोडतात. तो खडकाचा चुरा वर आणतो. पण जमिनीतले खारे पाणी लागताच हा चिखल घट्ट होई आणि काम बंद पडे. असे का होई? मिठामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटत. भटनागरांनी चिखलात डिंक मिसळायला सांगितले. हो, डिंकच! आपल्या मेळघाटातल्या झाडांनाही तो येतो. डिंकाचा थर कणांवर बसला, कण सुटे राहिले आणि चिखल पातळच राहिला.

खूश होऊन कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! ही रक्कम त्यांनी स्वतः न घेता विद्यापीठामार्फत संशोधनासाठी वापरली. या पैशावर अनेक तरुण संशोधन करू शकले. पुढे कंपनीने रक्कमही वाढवली.

१९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे ते पहिले प्रमुख. त्यांच्या प्रयत्नांनी देशात राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांपैकीच एक. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे याच प्रयोगशाळेत नॅनोकणांवरही संशोधन झाले.

एवढ्या कामातही उर्दू सुटली नाही. १९४६ मध्ये पत्नी लाजवंती वारल्या. नंतर त्यांच्या उर्दू कवितांचा संग्रह निघाला, त्याचे नावही 'लाजवंती' असेच आहे. १ जानेवारी १९५५ रोजी डॉ. भटनागर यांचे निधन झाले.