रॉयल सॅम्युएल कोपलंड

रॉयल सॅम्युएल कोपलंड (७ नोव्हेंबर, १८६८ – १७ जून, १९३८) हे अमेरिकन होमिओपॅथिक डॉक्टर, अध्यापक व राजकारणी होते. अमेरिकेतील १९३८ च्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याचे प्रमुख पुरस्कर्ते म्हणून ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

कोपलंड यांचा जन्म मिशिगन राज्यातील डेक्स्टर येथे झाला. १८८९ मध्ये मिशिगन विद्यापीठातून होमिओपॅथीची पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे व्यवसाय केला व पुढे त्याच विद्यापीठात नेत्र व कर्णरोगांचे अध्यापन केले. १९०१ ते १९०३ या काळात ते ॲन आर्बरचे महापौर होते. १९०८ मध्ये ते न्यू यॉर्कमधील होमिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले.

सार्वजनिक कारकीर्द

१९१८ मध्ये ते न्यू यॉर्क शहराचे आरोग्य आयुक्त झाले. त्याच वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांनी शाळा बंद केल्या नाहीत. दाटीवाटीच्या चाळींपेक्षा मुले शाळेत परिचारिकांच्या देखरेखीखाली अधिक सुरक्षित राहतील, असे त्यांचे मत होते. गर्दी टाळण्यासाठी दुकाने व कार्यालये यांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवण्यात आल्या. १९२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते सिनेटवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत सदस्य राहिले.

१९३८ चा कायदा

१९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश नव्हता. पापण्या रंगविण्याच्या एका प्रसाधनातील रंगद्रव्यामुळे स्त्रियांना गंभीर इजा झाली, तरी शासनाला ते बाजारातून हटविता येत नव्हते. १९३३ मध्ये कोपलंड यांनी नव्या कायद्याचे विधेयक मांडले. उत्पादकांच्या विरोधामुळे ते पाच वर्षे रेंगाळले. औषध कंपन्यांच्या प्रायोजित नभोवाणी कार्यक्रमांतून मानधन घेतल्याबद्दल कोपलंड यांच्यावरही टीका झाली. १९३७ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक असलेल्या सल्फानिलामाइडच्या द्रवरूप औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले. तेव्हा जुन्या कायद्यानुसार केवळ चुकीच्या नावाचा दोष लावता आला, कारण त्यात मद्यार्क नसताना त्याला ‘एलिक्झिर’ म्हटले होते. या दुर्घटनेनंतर विधेयकाला गती आली. नवे औषध विक्रीस आणण्यापूर्वी त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा देणे बंधनकारक झाले. होमिओपॅथिक औषधसंहितेलाही कायद्यात मान्यता मिळाली. २५ जून, १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यापूर्वी आठ दिवस कोपलंड यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले होते.

प्रभाव

या कायद्यातील औषधाच्या व्याख्येमुळे अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध मानले जाते. युरोपीय संघात ते प्रसाधन मानले जाते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मांडलेल्या प्रस्तावात १६ घटकांपैकी झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच सुरक्षित व परिणामकारक मानले गेले. दोन घटक अयोग्य ठरविण्यात आले, तर ऑक्सिबेन्झोनसह १२ घटकांबाबत अधिक माहिती मागविण्यात आली. प्रसाधनांना मात्र विक्रीपूर्व मंजुरीची अट १९३८ च्या कायद्याने घातली नाही.