मलिक अंबर : रंग आणि गुलामी

गुलामगिरी म्हटले की अमेरिकेतील मळे आणि साखळदंडांतील काळी माणसे डोळ्यांसमोर येतात. काळ्यांचा द्वेष होता म्हणून त्यांना गुलाम केले, असे आपण धरून चालतो. मला मात्र हा क्रम उलटा वाटतो, आणि माझा साक्षीदार आपल्याच मातीत, खुलताबादला, विसावला आहे.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो विकला गेला. बगदादच्या मीर कासिमने त्याला शिकविले. पुढे तो दख्खनेत आला व निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलामच! धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि तलवारीच्या बळावर वर चढला. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतले, तेव्हा त्याने मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राज्य सावरले. आपली मुलगीही त्याला दिली. १६१० मध्ये खडकी वसविली, तेथे नहरीने पाणी खेळविले आणि जमीनमहसुलाची घडी बसविली. १६२४ साली भातवडीला मोगल व आदिलशाही फौजांचा त्याने पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. १६२६ मध्ये तो वारला.

जहांगीर बादशहाने त्याच्या काळ्या रंगावरून पुष्कळ शिव्या लिहून ठेवल्या आहेत. तेव्हा रंगाचा तिरस्कार इथेही होताच. गुलामांचा बाजारही क्रूरच होता. परंतु गुलामी कातडीला कायमची चिकटविलेली नव्हती.

अंबर राज्य चालवीत असतानाच, १६१९ साली, व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी लोक विकले गेले. सुरुवातीला तेथे त्यांच्यातील काहीजण स्वतंत्रही झाले. पण तंबाखूच्या मळ्यांना कायमचे, फुकटचे हात हवे होते. १६६२ च्या कायद्याने गुलाम आईचे मूल गुलाम ठरले. १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्म्यानेही सुटका नाही असे ठरले. आधी नफा, मग कायदा, आणि मग त्या कायद्याला शोभेल असे काळ्यांच्या हीनतेचे तत्त्वज्ञान!

म्हणून मला वाटते, द्वेषाचे बी पूर्वीपासून असेल. त्याला खतपाणी मात्र गुलामगिरीने घातले. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या आपल्या समाजाने तरी हे ओळखायला नको का? हीनतेची कारणे सांगितली जातात, तेव्हा लाभ कोणाचा होतो आहे, हे आधी पाहावे.